वेशीच्या नळाचं पाणी

दादाला डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटर पाणी ठरवून दिलं होतं. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली, अंगावर सूज, त्यामुळं पाणी, चहा, औषधाचा घोट, सगळं मिळून तेवढंच. वहिनी औषधाच्या बाटलीच्या टोपणानं मोजून द्यायची. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट... दुपारची वेळ होती, वॉर्डातला पंखा कुरकुरत होता, आणि दादानं मला खुणेनं जवळ बोलावून सांगितलं, "मोजूनच द्यायचंय, तर मग वेशीचं तरी द्या." वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. बीडच्या दवाखान्यातून कोल्हापूरची ती वेस, जिथं दादा ऊसतोडीला जायचा, म्हणजे एसटीनं अख्ख्या दिवसाची वाट. मी म्हणालो, उद्या मागवतो, तिकडून कुणी ना कुणी येतच असतं. दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्यापायीच मी लिहायला बसलोय. दवाखान्यासमोरच्या टपरीवरून सीलबंद पाण्याची बाटली घेतली. दादाचा जुना पाच लिटरचा कॅन वहिनीनं घरून आणलेलाच होता, त्यात ती ओतली आणि कॅन घेऊन खाटेपाशी उभा राहिलो. म्हटलं, "आलं बघ वेशीचं." दादा दोन टोपणं पाणी तोंडात घोळवत घोळवत प्यायला. डोळे मिटून थोडा वेळ पडून राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "लई गोड हाय." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटून घेतली. चौथ्या दिवशी दादा गेला.

त्याला आता सहा आठवडे होत आलेत. सुदाम हे त्याचं नाव, पण आम्हाला तो दादाच. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. दिवाळी झाली की अर्ध्या गावाच्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊस तोडायला खाली निघतात, ती चैत्रातच परततात. दादा पंधरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर पहिल्यांदा गेला आणि मग तीस-बत्तीस वर्षं जातच राहिला. पुढं वहिनी त्याच्या जोडीला आली, आणि नवराबायकोचा मिळून एक कोयता झाला. त्यानं जायचं आणि मी शाळेत बसायचं, अशी आमच्या घरात वाटणी झाली होती. ती कुणी केली, कधी केली, मला विचारून केली का, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या सोयीचीच होती ना! आज मी चौसाळ्याला हायवेच्या कडेला स्लॅबच्या घरात राहतो, शाळेत मराठी शिकवतो, आणि लोक मला सर म्हणतात. दादाला तिकडं काय म्हणायचे, ते मला त्याच्यामागं कळलं.

आमच्या दादाला फुटबॉलचं वेड होतं असं सांगितलं की आमच्याकडची माणसं आधी हसतात. इथं पोरंसोरं क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसं कुस्ती बघतात, फुटबॉल मधल्यामधे कुठून आला! तर तो कोल्हापुरातून आला. तिकडं पेठेपेठेला तालीम असते आणि तालमीची फुटबॉलची टीम असते. आपली टीम कुठली हे तिथं कुणी ठरवत नाही, ज्या गल्लीत जन्म झाला ती गल्लीच ते ठरवते. घर बदललं, पेठ सोडली, पोरं नोकरीला पुण्याला गेली, तरी टीम तीच. लग्न होऊन आलेल्या सुनेला तेवढी सूट असते म्हणे, जावयाला ती पण नाही. दादाचा कारखाना शहराच्या कडेलाच होता. त्यांच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाची आणि तट्ट्यांची घरं, एका जुन्या वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेत पडायच्या. वेशीच्या आत एक तालीम, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. ओढ्यापलीकडं माळावर दुसरी, निळी. दोघांचं हाडवैर. खरी नावं लिहिली तर तिकडं नव्यानं भांडणं लागतील, म्हणून मी आपलं वेशीवाले आणि माळवाले एवढंच म्हणतो.

वेशीबाहेर पहिल्यांदा तळ पडला त्या दिवशी बायका घागरी घेऊन पाणी हुडकत फिरत होत्या. ऊसतोडीच्या टोळीला कुणी पटकन पाणी देत नाही, हे ज्याचं त्याला माहीत असतं. एक घागर दिली की बाराजणी येतात, बैल येतात, चिखल होतो. पण तालमीच्या भिंतीला बाहेरून एक नळ होता. तिथं ओट्यावर बसलेले एक म्हातारे, त्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी वहिनीला हाक मारून सांगितलं की भरा पोरी, लागेल तेवढं भरा. संध्याकाळी दादा बैल पाजायला गेला तेव्हा समोर पोरांचा सराव चाललेला. आबा त्याला म्हणाले, "आमचं पाणी पिताय, आता ओरडायचं बी आमच्याच बाजूनं. काय?" म्हातारा गमतीनं बोलला असणार. असल्या गोष्टी माणूस बोलतो आणि पान थुंकून विसरतो. आमच्या दादानं मात्र ती काळजावर कोरून ठेवली. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं मी पाहिलीत, पिल्या पाण्याला जागणारा हा एकच.

त्यानंतरचे पाचसहा हंगाम दादाच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, असं वहिनी म्हणते. गाडी कारखान्यावर रिकामी केली की परतताना तो बैल तालमीसमोर सोडायचा आणि घटकाभर सराव बघत उभा राहायचा. लाल-पांढरा मफलर कुणीतरी जुना दिला होता, तो त्यानं मरेपर्यंत वापरला. चैत्रात घरी आला की माझ्या कानाशी हीच कटकट. अमक्यानं असा पास दिला, तमक्यानं पेनल्टी बाहेर घातली. मी वर्तमानपत्र वाचत हूं हूं करायचो. एकदा तो तालमीत फेकून दिलेला चेंडू शिवून घेऊन आला आणि गावातल्या पोरांना दिला. तुम्हाला सांगतो, ज्या गावानं जन्मात फुटबॉल बघितला नव्हता, त्या गावात महिन्याभरात ओढ्याच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन टीमा झाल्या. पलीकडच्यांनी अलीकडच्या पोरांना आपल्या पाणवठ्यावर पोहू द्यायचं बंद केलं. आमचं घर अलीकडचं, म्हणून पोरं दादाला ओढायला लागली. तर हा म्हणतो कसा, मी वेशीवाला हाय, मला हितं बाजू न्हाई. आणि वैशाखाच्या उन्हात गळ्यात मफलर घालून हा पंच! आई कपाळाला हात लावायची. मला तर शरमच वाटायची, पाहुण्यांपुढं विषय निघाला की मी उठून आत जायचो.

मग एका वर्षी वेशीबाहेरची ती जागा कुणीतरी तारेचं कुंपण घालून बंद केली आणि मुकादमानं तळ ओढ्यापलीकडं हलवला, माळावर. पाणी आता माळवाल्यांच्या टाकीचं. टोळी आठ दिवसांत निळी झाली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. टोळीची रीतच ती, ज्या गावात तळ पडेल त्या गावचं होऊन राहायचं, त्यांच्या देवाला नारळ फोडायचा, त्यांच्या पुढाऱ्याला रामराम करायचा, म्हणजे हंगाम सुखाचा जातो. अकरा कोयते निळे झाले आणि बारावा लाल-पांढराच राहिला. एवढ्यावर राहिला असता तरी चाललं असतं. पण दादानं गोड्या तेलाचा एक रिकामा कॅन धुऊन घेतला, त्याला ऑइलपेंटनं लाल पट्टा मारला आणि रोज पहाटे फडावर जायच्या आधी ओढा ओलांडून वेशीच्या नळावरून पिण्याचं पाणी आणायला सुरुवात केली. जाऊन-येऊन दीड कोस. अंघोळीला, बैलांना, भांड्यांना माळाचं पाणी. पिण्यापुरतं वेशीचं.

ही गोष्ट लपून राहणारी नव्हती. माळवाल्यांना कळली तेव्हा त्यांनी टाकीची तोटी काढून नेली. आमचं पाणी कडू लागतंय काय तुमाला, असा निरोप मुकादमाकडं आला. दोन दिवस टोळीला पाणी नाही. पोरं रडतायत, बैल हंबरतायत, आणि बाकीच्या अकरा बायका वहिनीच्या कोपीपुढं येऊन तिला नको नको ते बोलून गेल्या. मुकादम दादाला म्हणाला की सुदाम, चेंडूपायी टोळी मारतो का आता, एक तर तो कॅन फेक नाहीतर कोपी उचल. दादानं हातातला कोयता कोपीत ठेवला, मफलर सारखा केला आणि एकटा माळवाल्यांच्या तालमीत गेला. वहिनी भीतीनं मागोमाग गेलती, म्हणून तिथलं बोलणं कळलं. ओट्यावर पंधरावीस माणसं बसलेली. दादा हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचं पाणी गोडच हाय, मला ठावं हाय. पर मी आधी त्यांचं पिलोय."

मग त्यांच्यातला एक जाडजूड मिशीवाला उठला. वहिनीला वाटलं, आता मारतोय. त्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाला की हा गडी पक्का आहे, ते अकरा कच्चे आहेत. संध्याकाळी तोटी परत बसली. पुढं जितकी वर्षं टोळी माळावर उतरली, तितकी वर्षं माळवाल्यांनी दादाला कधी अडवलं नाही. उलट कॅन घेऊन निघालेला दिसला की हाक मारून चिडवायचे, चाललं का वेशीचं तीर्थ आणायला, म्हणून. दादा हसायचा. जिथं बाजू बदलणं हेच सगळ्यात मोठं पाप, तिथं वैऱ्यालाच त्याची किंमत आधी कळली.

मी तिकडं एकदाच गेलो. शाळेची सहल पन्हाळ्याला होती, तेव्हा दोन तास काढून तळावर गेलो. पाचटाच्या कोपीत वहिनीनं चुलीवर चहा ठेवला आणि दादानं त्या कॅनमधून तांब्याभर पाणी ओतून मोठ्या कौतुकानं माझ्यापुढं केलं. मी माझी बाटली घेऊन गेलतो. घसा धरलाय, बाहेरचं पाणी नको, असं काहीतरी सांगून मी तांब्या बाजूला सारला. चहाही अर्धा टाकला. दादानं तांब्या उचलला आणि स्वतः पिऊन टाकला. निघताना मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला गेलो. म्हटलं, दादा, हे काय लहान पोरासारखं चाललंय? तुझं मतदान गावाकडं, राशनकार्ड गावाकडं, तुझं हाडसुद्धा गावाकडंच पडणार. तू कुठला वेशीवाला? तुला इथं ओळखतं तरी कोण? दादा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. म्हणाला, "मतदान तिकडं हाय, खरंय. पर वरसातलं सहा महिने मी हितं जगतो ना रं. मग हितलं कायच नसावं का मला?" मग मी घड्याळ बघितलं आणि गाडी थांबलीय म्हणालो.

त्यानंतर एकदोन वर्षांत दादाचं मॅचबद्दल बोलणं कमी झालं. चैत्रात यायचा, कॅन धुऊन माळ्यावर ठेवायचा, पण अमक्याचा पास आणि तमक्याची पेनल्टी बंद. मला वाटलं, चला, उतरलं एकदाचं खूळ. खरी गोष्ट वहिनीनं मला दहाव्याच्या दिवशी सांगितली, पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत आम्ही बसलो होतो तेव्हा. वेशीवाले अंतिम सामन्यात पोचले होते, समोर माळवालेच. दादानं मुकादमाच्या हातापाया पडून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. तीस वर्षांत त्यानं सुट्टी अशी कधी मागितली नव्हती, आजारपणातसुद्धा. मफलर धुतला आणि मैदानावर गेला. वेशीवाल्यांची बसायची बाजू ठरलेली असते. तिथं चढायला लागला तर पायरीवर उभ्या असलेल्या नव्या पोरांनी अडवलं. गल्ली कुठली, विचारलं. दादा म्हणाला, गल्ली न्हाई, पर तालमीच्या नळाचं पाणी पितो. पोरं खो खो हसली. एक म्हणाला की मामा, पाणी तर म्हशी पण पितात. आणि त्याला पलीकडं, जिथं कुणाचीच नसलेली माणसं बसतात, तिकडं जायला सांगितलं. दादा तिकडं बसला नाही. चालत तळावर आला, मफलर काढून खुंटीला लावला आणि वहिनीला म्हणाला, "आपण आपलं पाण्यापुरतं वेशीवाले. धाकटा बरोबर म्हणत हुता."

धाकटा म्हणजे मी. तुला इथं ओळखतं तरी कोण, हे माझंच वाक्य. मैदानावरच्या पोरांना मी काय बोलणार? ती परकी होती, लहान होती. मी तर त्याच्या जिवावर शिकलेला त्याचा सख्खा भाऊ, आणि पायरीवरून त्याला पहिल्यांदा मीच उतरवलं होतं. वहिनी म्हणाली, त्या दिवसानंतर ते मैदानावर कधी गेले नाहीत. मॅच असली की माळावर उभं राहून नुसता आवाज ऐकायचे, आरडाओरड झाली की म्हणायचे, आपला झाला वाटतं. पाणी मात्र एक दिवस चुकवलं नाही. पाय सुजायला लागले, दम लागायला लागला, तरी कॅन घेऊन निघायचे. मी विचारलं, वहिनी, तू अडवलं कावून नाही? तर म्हणाली, अडवून काय करू भाऊजी, त्यांचं म्हणून तेवढंच तर हुतं तिथं.

तेराव्यानंतर मला घरात करमेना. शेवटी एका शनिवारी मी तो कॅन पिशवीत घातला आणि एसटीत बसलो. दादाला जे खोटं पाजलं होतं ते खरं करून आणावं, एवढंच डोक्यात होतं. खरं म्हणजे आता ते पाणी घेऊन करायचं काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. वेशीत उतरलो. दादाच्या बोलण्यातली तालीम बैठी कौलारू होती. माझ्यापुढं नवी दोन मजली इमारत उभी, खाली फरशी, काचेची दारं. हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, तरी मैदानावर चारपाच पोरं चेंडू मारत होती. नळ काही मला दिसेना. मी पिशवीतून कॅन काढून इकडंतिकडं बघत उभा राहिलो, तेवढ्यात पायऱ्या झाडणारा पन्नाशीचा एक माणूस झाडू टाकून माझ्याकडं आला. त्याला तिथं सगळे बापू म्हणत होते, तालमीची देखभाल त्याच्याकडं. त्यानं माझ्याकडं नाही, कॅनकडं बघितलं. लाल पट्ट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यो कॅनवाल्या मामांचा न्हवं? मामा कुठं हाईत?"

मी सांगितलं. बापू खाली पायरीवरच बसला. पोरांना हाक मारून खेळ थांबवायला लावला. पोरं जवळ आली तेव्हा त्यांना म्हणाला की बीडचे कॅनवाले मामा गेले. ती पोरं, सतरा-अठरा वर्षांची, डोक्यावरचे रुमाल काढून उभी राहिली. मी म्हटलं, सुदाम नाव होतं त्यांचं. बापू ओशाळून म्हणाला की नाव कधी विचारलंच नाही हो, रोज येतात म्हटल्यावर विचारायचं राहूनच गेलं. मग तो मला हाताला धरून इमारतीच्या बाजूला घेऊन गेला. मागच्या भिंतीला, रस्त्याकडच्या अंगाला, बाहेरून एक नळ होता. एकटाच. खाली चांगला कॅन बसेल एवढा सिमेंटचा कट्टा बांधलेला. बापूनं सांगितलं ते असं. तीन वर्षांपूर्वी नवी इमारत झाली तेव्हा सगळे नळ आत घेतले, बाहेर ठेवला तर लोक गाड्या धुतात म्हणून. पण कॅनवाले मामा यायचे पहाटे, तेव्हा दार बंद असतं. मग बैठकीत विषय निघाला आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की मामांसाठी बाहेर एक नळ ठेवायचा. आबा तोवर गेले होते, पण जाताना सांगून गेले होते की त्या बीडवाल्याचं पाणी तोडू नका, तो आपला आहे.

मी विचारलं, "हे तुम्ही त्याला कधी सांगितलं होतं का?" बापू माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "त्यात सांगायचं काय? नळ हुता, ते येत हुते." मैदानावरच्या त्या दिवसाचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. समोरच्या पोरांमधे कदाचित त्यातलंच एखादं असेल, नसेलही. पण रुमाल हातात घेऊन उभी असलेली ती पोरं बघितली आणि म्हटलं, जाऊ दे. ज्याला सांगायचं होतं तो आता नाही. मी कॅन कट्ट्यावर ठेवला, बरोबर बसला. तोंडापर्यंत भरून घेतला. निघताना बापूनं आतून नवा मफलर आणून माझ्या हातात दिला, म्हणाला, वहिनीस्नी द्या. परतीच्या एसटीत पाच लिटरचा कॅन मांडीवर घेऊन बसलो होतो, कंडक्टर खाली ठेवा म्हणाला तरी ठेवला नाही. दादाच्या खुळाची माझी शरम कुठल्या कुठं गेली होती. त्याच्या जागी जे आलं होतं, त्याला अजून मला नाव देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गावाकडं गेलो. वहिनी भाकरी करून हात धूत होती. मी तिला सगळं सांगितलं, नळाचं, कट्ट्याचं, आबांच्या शब्दाचं. ती पदर तोंडाला लावून पुष्कळ रडली. नवरा गेला त्या दिवशी ती अशी रडली नव्हती. "जिवंतपणी कळाय पायजे हुतं हो भाऊजी," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती. मग डोळे पुसून उठली आणि कॅनकडं बघत म्हणाली, एवढं लांबून आणलंय तर पिऊ की. मला वाटलं होतं, तुळशीला घालेल, फोटोपुढं ठेवेल. तिनं सरळ एक पेला भरला आणि घटाघटा प्यायली. तोंड वाकडं केलं.

"अजून तसंच हाय," वहिनी म्हणाली. "मचूळ."

मी म्हटलं, मचूळ? तर म्हणाली, पहिल्यापासून मचूळच, भाऊजी. डाळ शिजायची न्हाई त्यात, चहा फाटायचा. माळाचं गोड हुतं, साखरेवानी. मी कितीदा म्हणायची, अवो कावून एवढं वाहून आणता, तर म्हणायचे, चवीसाठी थोडंच आणतो.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. दवाखान्यातली ती दुपार डोळ्यांपुढं आली, तो कुरकुरणारा पंखा, ती टोपणं. दहा वर्षं रोज ते मचूळ पाणी पिणाऱ्या माणसाला मी बाटलीतलं पाणी वेशीचं म्हणून पाजलं होतं. पहिल्या घोटालाच त्याला कळलं असणार. मिटल्या डोळ्यांनी तो काय विचार करत पडला होता, ते आता कळायला मार्ग नाही. पण डोळे उघडल्यावर त्यानं माझं तोंड बघितलं, धाकट्या भावाचं, आणि सांगितलं, लई गोड हाय.

कॅन सध्या माझ्याकडं चौसाळ्याला आहे, स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर. दिवाळी झाली की दादाची टोळी माळावर जाईल, आणि पोरांची शाळा बुडवून का होईना मी एकदा वेशीच्या नळावर जाऊन येणार आहे. त्या दिवशी वहिनीनं मला विचारलं की भाऊजी, तुमी घेणार का, का तुमची बाटली हाय? ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. मी पेला पुढं केला. तिनं काठोकाठ भरून दिला. पाणी चांगलंच मचूळ होतं. मी ते थांबत थांबत सगळं प्यायलो आणि पेला परत पुढं केला.